आमची कॅरॅव्हॅन जलमार्गाने

तॉनिसने आपल्या गोठ्यात योगासनांचे वर्ग काढायचं ठरवलं नसतं, तर माझी गावातली अब्रू आज जागेवर असती. गाई विकल्यापासून तॉनिसचा गोठा म्हणजे आमच्या गावातल्या कॅरॅव्हॅनांचं, म्हणजे सुट्टीत गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घरांचं, हिवाळ्यातलं माहेर झालं होतं. सप्टेंबर संपला की आम्ही आपापली कॅरॅव्हॅन गाडीला जोडून त्याच्या अंगणात नेऊन सोडायचो, आणि एप्रिलमध्ये धूळ झटकून, कोळ्यांची जाळी काढून परत आणायचो. यंदा त्याने आम्हाला एकेकाला कॉफीला बोलावलं, कपासोबत एकेक बिस्किट दिलं, डबा बंद करून फळीवर ठेवला आणि सांगितलं, की शहरातल्या बायका गाईंच्या जागी आडव्या पडून श्वास घ्यायला तयार आहेत, तेव्हा ज्याने त्याने आपली सोय पाहावी.

मी भूगोलाचा मास्तर आहे. आपला देश पाण्यातून उपसून काढलेला आहे आणि इथल्या प्रत्येक विटेखाली कुणीतरी केलेलं मोजमाप आहे, हे मी वर्षानुवर्षं पोरांच्या डोक्यात भरत आलो आहे. असल्या माणसाला एक कॅरॅव्हॅन स्वतःच्या घरामागच्या बागेत नेऊन ठेवणं जड जाऊ नये. मला तरी तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी आफ्केला म्हणालो, "काळजी करू नकोस. यंदा घरीच ठेवू."

आफ्के माझी बायको. तिने ब्रेडला लोणी लावता लावता मान वर न करता म्हटलं, "विकून टाकू या. झ्वोल्लेचं एक जोडपं शोधतंय. चांगली माणसं आहेत."

माझ्या ब्रेडवरचे चॉकलेटचे दाणे ताटलीत, ताटलीतून टेबलावर आणि टेबलावरून माझ्या पँटवर सांडले.

आता इथे थोडं खरं सांगायला हवं. माझं कॅरॅव्हॅनवर फार प्रेम आहे असा गावात समज आहे. मी तिच्या चाकांखाली पाणसळ लावून बसतो ते लोकांनी पाहिलंय, म्हणून असेल. पण तिच्यावर प्रेम करण्यासारखं काही नाही. पाऊस आला की ती एका कोपऱ्यात गळते आणि ऊन आलं की सगळीकडून तापते. माझं प्रेम आहे आफ्केवर, आणि आफ्के मला फक्त कॅरॅव्हॅनमध्ये भेटते.

म्हणजे आम्ही एकाच घरात राहतो, भांडणतंटा काही नाही. पण मुली शिकायला गेल्यापासून घर एकदम मोठं झालं. आफ्के औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवलेल्या, कुणीही वाचत नाही अशा चिठ्ठ्यांचं भाषांतर करते. ती वर, तिच्या खोलीत. मी खाली, पेपर तपासत. जेवायला सहा वाजता एकत्र बसतो, बटाटे कसे झालेत यावर दोन शब्द बोलतो, आणि आपापल्या दिव्याखाली परत जातो. नंतर भेटलो तर जिन्यावर, किंवा मी दार वाजवलं तर तिच्या दाराशी. उन्हाळ्याचे सहा आठवडे मात्र फ्रान्समधल्या त्या नदीकाठी आमच्यामध्ये एकही दार नसतं. टेबल एवढंसं, की चार गुडघ्यांना एकमेकांना चुकवता येत नाही. आफ्के शिळं वर्तमानपत्र मोठ्याने वाचते, समोरच्या तंबूतल्या माणसांना नावं ठेवते, पत्ते खेळताना धडधडीत फसवते आणि पकडली गेली की माझ्याच अंगावर पाणी उडवते. त्या सहा आठवड्यांवर मी उरलेलं वर्ष काढतो. आणि ही बाई म्हणते, विकून टाकू.

हे सगळं मी तिला सांगायला हवं होतं. पण ब्रेड खाताना माणूस असलं बोलत नाही, निदान आमच्याकडे तरी नाही. मी म्हणालो, "जागा करतो मी."

"मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कर," आफ्के म्हणाली. "नंतर मी झ्वोल्लेला फोन करणार." आणि कप घेऊन वर गेली.

मी कॅरॅव्हॅन आणून घरासमोर रस्त्यावर उभी केली. रस्त्यावर कॅरॅव्हॅन तीन दिवसच ठेवता येते, हा आमच्या नगरपालिकेचा नियम. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या बेपमावशींनी दार वाजवलं. बेपमावशी कुणाच्याच मावशी नाहीत आणि सगळ्या गल्लीच्या मावशी आहेत. त्यांच्या दिवाणखान्याची खिडकी भिंतीएवढी आहे आणि तिला पडदा नाही, त्यामुळे त्यांना सगळं दिसतं आणि आपण पाहतोय हेही त्या लपवत नाहीत.

"मार्तन, मी नगरपालिकेला फोन केलाय बरं का," त्या म्हणाल्या. "तुझी तक्रार केली. तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं."

मी त्यांचे आभार मानले. आमच्याकडे मानावेच लागतात. मग नगरपालिकेत फोन लावला. तिथल्या बाई फार गोड होत्या. गाडी हलवली की दिवस नव्याने मोजायला सुरुवात होते, एवढं त्यांच्याकडून कळलं. तेव्हापासून मी दर तिसऱ्या संध्याकाळी कॅरॅव्हॅनला फिरायला नेऊ लागलो. लोक कुत्रा नेतात. मी चर्चला वळसा घालून, शाळेवरून, म्हणजे माझ्याच शाळेवरून, परत घरासमोर. वर्गातली पोरं सायकली थांबवून हात हलवायची. एकदा परत आलो तर बेपमावशी खिडकी उघडून म्हणाल्या, "दहा मिनिटांत आलास. हे हलवणं मी धरत नाही." मग दुसरी फेरी मारली.

दरम्यान हिवाळ्याची तयारी चालू होती. या कामात शेजाऱ्यांची मदत अशी होत नाही, फक्त सल्ला होतो. आमचे शेजारी हाउब यांची स्वतःची कॅरॅव्हॅन आहे आणि तिच्यात आजवर बुरशीचा एक ठिपकाही पडलेला नाही. ते दोन्ही हात खिशात घालून माझ्या पाठीशी उभे राहत. टाकीतलं पाणी काढलं, तर म्हणाले नळही उघडे ठेव. नळ उघडले, तर म्हणाले तोंडाने फुंकून आतला थेंब न् थेंब काढ. मी मोरीच्या नळाला तोंड लावून फुंकत असताना रस्त्यावरून आमचे मुख्याध्यापक गेले. त्यांनी नमस्कार केला. मला उत्तर देता आलं नाही.

फ्रीजचं दार उघडं ठेवायचं, हे मला माहीत होतं. ओल शोषायला मिठाची वाटी ठेवायची, हेही माहीत होतं. उंदरांसाठी काय ठेवायचं यावर बेपमावशींचा आणि हाउबचा वाद झाला. मावशींच्या मते हिरवा साबण, हाउबच्या मते पुदिन्याचा अर्क. मी दोन्ही ठेवलं, आणि त्यानंतर मला स्वतःलाच आत जाववेना. गॅसची टाकी काढली, बॅटरी काढली, ताटल्या, भांडी, खुर्च्या, सगळं काढलं. "आणि छतावरच्या झरोक्याचं झाकण दोन बोटं उघडं ठेव," हाउब जाता जाता म्हणाले. "हवा खेळती राहिली पाहिजे. ही गोष्ट कुणी करत नाही आणि मग रडतात." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवलं तरी चालेल. मी मात्र ते फार मनावर घेतलं.

शेवटी गाद्या उचलल्या. गाद्यांखाली वाळू असते, ती दर वर्षी असते. यंदा वाळूबरोबर एक पीचची बी सापडली. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी फ्रान्समधल्या त्या नदीवर वारा सुटला होता, आफ्केने पीच खाऊन रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळू दिला होता आणि मला म्हणाली होती, "असाच राहा, पुसायला काही आणू नकोस." मी आणायला निघालो होतो, म्हणून. ती बी हातात घेऊन मी उघड्या फळ्यांवर बराच वेळ बसून राहिलो. वर, तिच्या खोलीच्या रस्त्याकडच्या खिडकीत, आफ्केची पाठ दिसत होती. दोन हाका मारण्याच्या अंतरावर होती आणि मला तिची फार आठवण आली. मग मी गाद्या माळ्यावर नेल्या. जिन्यावर ती भेटली. "जागा झाली का?" तिने विचारलं. "होतेय," मी म्हणालो.

जागा होत नव्हती. आमचं घर आणि हाउबचं झुडपांचं कुंपण यांच्यामधून मागे जायची वाट मी टेपने मोजली होती आणि कॅरॅव्हॅन बरोब्बर बसत होती. पण घराच्या भिंतीला पावसाच्या पाण्याचा पाइप आहे, हे मी मोजलं नव्हतं, कारण पाइप नकाशात नव्हता. मी हाउबना म्हणालो, शेजारी, कुंपण वीतभर छाटलं तर काम होईल. हाउबनी खिशातून एक हात बाहेर काढला, यावरून मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

"मार्तन, तू मला आवडतोस," ते म्हणाले. "पण हे कुंपण माझ्या वडिलांनी लावलंय. तू म्हणशील ते करीन, तेवढं नाही."

मी पाइप काढायचा विचार केला, पण पाइप काढला तर छताचं सगळं पाणी हाउबच्या कुंपणात, म्हणजे पुन्हा वडिलांपर्यंत गोष्ट गेली असती. मी बागेत जाऊन कालव्याकडे तोंड करून उभा राहिलो. आमच्या गावात घरांच्या पुढे रस्ता असतो आणि मागे कालवा. आजोबांच्या काळी लग्नाची नवरी, गवत, गाई आणि प्रेतं, सगळं मागूनच जायचं. तेव्हा मला ती कल्पना सुचली, आणि मला त्या दिवशी माझा फार अभिमान वाटला.

तॉनिसकडे गाई पलीकडच्या कुरणात न्यायचा जुना पडाव, म्हणजे सपाट तळाची रुंद होडी, होती. गोठ्याबद्दल त्याला मनातून लाज वाटतच होती. तो लगेच म्हणाला, "मी पाच गाई एका वेळी नेल्यात. तुझी ती डबी म्हणजे काय?"

पण कालवा म्हटला की कालव्यांचा कारभार बघणारं जलमंडळ आलं. काठापासून काही अंतरापर्यंत काहीही उभं करायचं नाही, आणि शरद ऋतूतल्या पाहणीआधी तर अजिबात नाही. ही पाहणी आमच्याकडे परीक्षेसारखी असते. आपल्या काठचा कालवा ज्याने त्याने स्वच्छ करायचा आणि मग जलमंडळाचा माणूस येऊन बघतो. आमच्या भागाला हार्तोग नावाचे गृहस्थ होते, उंच आणि दुःखी. त्यांनी आमच्या कालव्यातलं शेवाळ पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच दुपारी कमरेएवढे रबरी बूट घालून पाण्यात उतरलो. बेपमावशी मागच्या बाजूला खास खुर्ची घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत कालवा स्वच्छ झाला आणि काळा चिखल माझ्या कानात गेला. हार्तोगनी परवानगी दिली. कॅरॅव्हॅन काठापासून दूर, सफरचंदाच्या झाडाकडे ठेवायची, या अटीवर.

आता उरला पूल. तॉनिसच्या अंगणापासून आमच्या बागेपर्यंत वाटेत एकच लाकडी पूल आहे, गवताच्या गंजी भरलेले पडाव जावेत म्हणून उंच कमानीचा बांधलेला. कॅरॅव्हॅन, पडाव आणि पूल यांचं गणित मी फळ्यावर मांडलं. कालव्यातलं पाणी जलमंडळ ठरवतं. उन्हाळ्यात गवतासाठी वर, हिवाळ्यात पाऊस मावावा म्हणून वीतभर खाली. हिवाळ्याची पातळी धरली तर कॅरॅव्हॅन पुलाखालून चार बोटं राखून जात होती. नोव्हेंबर लागलाच होता. आठवीच्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. आपलं ज्ञान एकदा तरी संसाराच्या उपयोगी पडतंय, म्हणून मी त्या स्वीकारल्या.

शनिवारी दुपारी निघालो. तॉनिसच्या अंगणातून पडावावर कॅरॅव्हॅन चढवली, चाकांना ठोकळे लावले, दोर बांधले. तॉनिस मागे लांब बांबू घेऊन उभा राहिला. आतलं सगळं सामान काढल्यामुळे कॅरॅव्हॅन मागे झुकत होती, तेव्हा पुढच्या बाजूला कुणीतरी बसायला हवं, असं तो म्हणाला. मला बाहेर पडावावर उभं राहून हुकूम द्यायचे होते. हाउबनी पाठीचं दुखणं काढलं. आफ्के सायकल घेऊन नुसती बघायला आली होती.

"मी बसते," ती म्हणाली. "शेवटचा प्रवास आहे, बसून घेते."

ते 'शेवटचा' मला बोचलं. पण पडाव सुटला होता. खरं सांगतो, पहिली काही मिनिटं फार सुंदर होती. दोन्ही काठांना ओलं गवत, वर करडं आभाळ, आणि मध्ये आमची कॅरॅव्हॅन संथ तरंगत चाललेली, पुढच्या खिडकीत आफ्केचा चेहरा. एक बगळा उठून थोडं पुढे जाऊन बसला. काठावरून चालणारे लोक थांबून टोपी काढत होते. हे असंच फ्रान्सपर्यंत जावं असं मला वाटलं.

मग पूल दिसला, आणि तो मला जरा बुटका वाटला. तॉनिसला हाक मारून विचारलं, पाणी हिवाळ्याच्या पातळीवर आहे ना? तॉनिस म्हणाला, "छे, यंदा पाऊस कुठे झाला? पाणी अजून उन्हाळ्याचंच आहे. का?"

याखेरीज आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी फळ्यावर कॅरॅव्हॅन भरलेली धरली होती. आता ती रिकामी होती, आणि हलक्या ओझ्याचा पडाव पाण्यात कमी बुडतो. आणि छतावरच्या झरोक्याचं झाकण हवा खेळती राहावी म्हणून दोन बोटं वर होतं. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. "थांबव," म्हणून मी ओरडलो. पाच गाई नेल्या तरी पडावाला ब्रेक नसतो, हे तॉनिसने तेव्हा सांगितलं. मी दार उघडून आत धावलो, झरोक्याचं झाकण ओढायला हात वर केला, आणि डोक्यावर पुलाच्या तुळयांचा असा आवाज झाला की आफ्के फळीवरून खाली बसली. मग सगळं थांबलं. कॅरॅव्हॅन कमानीत गच्च बसली होती. दार उघडायला गेलो तर समोर पुलाचा खांब. फट एवढीच, की तॉनिसचं एक नाक दिसत होतं.

"मार्तन," ते नाक म्हणालं, "तू आत अडकलास."

हां हां म्हणता पुलावर अर्धं गाव जमलं. आम्हाला पाय दिसत नव्हते, पण डोक्यावरच्या फळ्यांतून सल्ले स्पष्ट ऐकू येत होते. कुणी म्हणालं छत कापा, कुणी म्हणालं चाकांतली हवा सोडा. तॉनिसने हवा सोडली. कॅरॅव्हॅन दोन बोटं खाली बसली, आणि तेवढाच पडाव वर आला असावा, कारण फरक काही पडला नाही. पुलावरच्या सगळ्यांनी पडावावर उतरून उभं राहावं म्हणजे तो दबेल, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं, पण पहिलं कोण उतरणार यावर चर्चा थांबली. हाउबचा आवाज आला, "झरोका उघडा ठेवला होतास ना?" मी हो म्हणालो. "शाबास," ते म्हणाले.

हार्तोग आले. पुढची खिडकी पुलाच्या बाहेर निघालेली होती, तिच्यासमोर काठावर ते वाकून उभे राहिले आणि वाहत्या जलमार्गात मुक्काम करायला मनाई आहे, असं त्यांनी मला आधी सांगितलं. मी कबूल केलं. मग ते म्हणाले, उद्यापासून मोठा पाऊस आहे, म्हणून पाणी उतरवायचं मंडळाने आजच ठरवलं आहे, पंप सुरू झालेत. "रात्रीपर्यंत उतरेल, साहेब. नियमाप्रमाणे." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा हसण्यासारखं काहीतरी येऊन गेलं.

सहा वाजत आले तशी पुलावरची पावलं एकेक करून निघून गेली. आमच्या गावात कुणी बुडत असलं तरी सहाला जेवायला जातात. तॉनिसही गेला, बघून येतो म्हणाला. शेवटी बेपमावशींनी दोराला पिशवी बांधून वरून खाली सोडली. पुढची खिडकी हात जाईल एवढीच उघडत होती, तिच्यातून मी ती ओढून घेतली. पिशवीत वाटाण्याच्या सूपचा थर्मास होता, आणि चमचा एकच.

मग शांत झालं. आत अंधार झाला होता. गाद्या नाहीत, गॅस नाही, दिवा नाही, वरून हिरवा साबण आणि पुदिना. फळीवर समोरासमोर कोट घालून आम्ही बसलो होतो. आफ्केने सूप प्यायलं, चमचा मला दिला, मी प्यायलो, परत दिला. ती खिडकीबाहेर बघत होती म्हणून मीही बघितलं.

समोर, कालव्याच्या वळणापलीकडे आमचं घर होतं. मागच्या बाजूने, रात्री, इतक्या लांबून मी ते आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. घाईत निघताना दोघांनीही दिवे तसेच ठेवले होते. एक दिवा खाली डाव्या कोपऱ्यात, माझा. एक वर उजव्या कोपऱ्यात, तिचा. मधलं सगळं घर काळोखात.

"बघ," आफ्के म्हणाली. "किती लांब आहेत."

मग ती म्हणाली, "तू माझ्या खोलीचं दार वाजवतोस, मार्तन. येऊ का म्हणून विचारतोस. भाडेकरूसारखा."

"तू कामात असतेस."

"मी औषधांच्या चिठ्ठ्या लिहिते. रिकाम्या पोटी घेऊ नये. त्यात कुणी आलं तर काय बिघडणार आहे?" तिने थर्मासचं झाकण लावलं, मग परत उघडलं. "रोज संध्याकाळी मला जिन्यावर तुझी पावलं ऐकू येतात. मी थांबते. तू दार वाजवतोस, आणि मला एकदम कुणीतरी पाहुणा आल्यासारखं वाटतं. मग मी पाहुण्याशी बोलतात तशी बोलते."

मी विचारलं, मग कॅरॅव्हॅन विकायची कशाला? तिथे तर दार नाही.

"म्हणूनच," ती म्हणाली. "दर सप्टेंबरात तू किती मन लावून आवरतोस. पाणी काढतोस, नळ फुंकतोस, गाद्या माळ्यावर नेतोस. आणि मलाही नेऊन ठेवतोस, वर. एप्रिलपर्यंत. तू तसं मुद्दाम करत नाहीस, मला माहितेय. पण दर वर्षी ते नव्याने सोसायचं म्हणजे... त्यापेक्षा ते सहा आठवडेच नकोत."

मला वाटत होतं की मी एकटाच वर्षभर त्या सहा आठवड्यांची वाट बघतो. त्यांच्यासाठीच तर मी नगरपालिका केली, जलमंडळ केलं, कानात चिखल घेतला. आणि ही वर बसून तेच करत होती, त्याच घरात, लाकडाच्या एका थरापलीकडे. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की मला लाज वाटली.

"मला वर्षभर तुझी आठवण येते," मी म्हणालो. आमच्या लग्नात सुद्धा मी असं काही बोललो नव्हतो.

"मी वरच्या मजल्यावर असते."

"तरी येते."

तिने अंधारात माझ्याकडे पाहिलं. चेहरा नीट दिसत नव्हता, पण ती हसत नव्हती. मग तिने आपले दोन्ही पाय सरकवून माझ्या पायांना टेकवले, आणि आम्ही तसेच बसून राहिलो. खाली पाणी कुठेतरी ओढलं जात असल्याचा बारीक आवाज येत होता. थोड्या वेळाने वर तुळई करकरली, छत मोकळं झालं आणि कॅरॅव्हॅन जरा डुलली.

काठावरून तॉनिसची हाक आली. "मार्तन, सुटली रे! चार बोटं मोकळी आहे. ढकलू का?"

महिनाभर मी याच वाक्यासाठी जिवाचं रान केलं होतं. मी खिडकी उघडली.

"तॉनिस, तुझं जेवण झालं?"

"अर्धं झालंय."

"मग राहिलेलं जेवून ये. आम्ही आहोत इथे."

तो काठावर क्षणभर उभा राहिला, काहीतरी पुटपुटला आणि गेला. मी खिडकी लावून घेतली. आफ्केने थर्मासमधलं उरलेलं सूप मला दिलं. ते थंड झालं होतं.

"आणि उद्या?" तिने विचारलं.

"उद्या मी दार न वाजवता वर येईन."

तिने खाली वाकून माझ्या बुटांकडे पाहिलं. त्यांच्यावर तॉनिसच्या अंगणातला सगळा चिखल होता.

"ये," आफ्के म्हणाली. "पण पाय पुसून ये."